बारा जणांचा संघ, चारशे जणांचे मैदान

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तालुक्यातील बहुतेक शाळांमध्ये कबड्डीच्या निवडचाचण्या होतात. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. प्रवेश, पुस्तकवाटप आणि झडीचा पाऊस यांत महिना निघून जातो, आणि तालुकास्तरीय स्पर्धांचे पत्र येऊन पडले की मग सगळ्यांना मैदानाची आठवण होते. मी एका मिशन शाळेत बावीस वर्षे क्रीडाशिक्षक, म्हणजे गावाच्या भाषेत ‘पीटीचे सर’, होतो आणि अशा चाचण्या दरवर्षी घेत आलो. काळ्या मातीवर फक्कीने रेघा मारायच्या, पोरे उभी करायची, तासाभरात बारा नावे काढायची आणि यादी फलकावर लावायची. यादी लागली की त्या बारा जणांचा सराव सुरू होई आणि उरलेल्यांचा खेळाचा तास गणिताकडे जाई. एका वर्षी सहावीतला एक मुलगा, घोट्यापर्यंत चिखलाचे मोजे चढलेला, ती यादी दोनदा वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी नुसता त्यायच्या मांगं पळू काजी?” संघात जागा त्याने मागितलीच नव्हती. मी त्याला वर्गात पाठवले, कारण स्पर्धेला नऊ दिवस उरले होते आणि मैदानाचा कोरडा भाग जेमतेम एका कबड्डीच्या पटाएवढा होता.

व्यवहाराच्या हिशेबाने त्या उत्तरात चूक काढता येणार नाही. परंतु ज्या शाळेच्या प्रवेशद्वारावर प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपाचे आहे अशा अर्थाचे वचन रंगवलेले असते, त्या शाळेत ते उत्तर शोभते का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर अधिक टोचू लागला आहे. माझे मत असे झाले आहे की, निदान आठवी संपेपर्यंत, मिशन शाळेने सरावाचा हक्क आणि संघातील निवड यांची पूर्ण फारकत करावी. चौदा वर्षांखालील संघ पाठवूच नये, असे मी म्हणत नाही. तो जरूर पाठवावा, पण वर्षभर खेळलेल्या सगळ्या मुलांतून शेवटच्या आठवड्यात निवडून पाठवावा, आणि यादीत नाव नाही म्हणून एकाही मुलाचा मैदानावरचा तास बुडू नये. हे ज्या शाळेला जमत नाही, तिने कार्यालयातल्या काचेच्या कपाटातील ढाली जरा आत सरकवून ठेवाव्यात.

विदर्भातील मिशन शाळा हा एकसाची प्रकार नाही. नागपुरात स्कॉटिश मिशनची परंपरा आहे आणि तिचे हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचे आहे. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, अकोल्याकडे अलायन्स, मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारे मिशन अशी प्रॉटेस्टंट मंडळी होती, आणि जोडीला कॅथलिक धर्मभगिनींच्या शाळा आहेत. (आमच्याकडे कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग तिथे आयुष्यात कधी धर्मभगिनी फिरकलेली नसो; त्या शाळांविषयी मी बोलत नाही.) खेड्यापाड्यांतील मिशन शाळांच्या बाकांवर बसणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. ती बौद्ध असतात, कुणबी, तेली, गोंड, कोलाम, मुसलमान असतात, आणि त्यांच्या आईवडिलांनी शाळा निवडली ती शिस्त आणि इंग्रजी यांसाठी. तेव्हा या शाळेच्या खेळात ‘ख्रिस्ती’ असे नेमके काय असावे, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीपुरता राहत नाही, तो अख्ख्या गावाचा होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर खेळांच्याच इतिहासात आहे, आणि आपल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, ते फारसे ठाऊक नसते याचे मला नेहमी नवल वाटते. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या, म्हणजे वायएमसीएच्या, प्रशिक्षण शाळेत जन्मला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत कंटाळलेल्या तरुणांचा एक वर्ग सोपवला होता. त्या वर्गात अठरा जण होते, म्हणून पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते. आधी वर्ग मोजला गेला आणि मग खेळाडूंची संख्या ठरली. पुढे चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, होलिओक येथील वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन याने व्हॉलीबॉल बेतला, तो ज्या मध्यमवयीन माणसांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती त्यांच्यासाठी, आणि सुरुवातीच्या नियमांत बाजूला किती खेळाडू असावेत याची मर्यादाच नव्हती. आज आमच्या भागात संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत सागाच्या दोन बल्ल्यांना जाळी बांधून आठ-आठ, नऊ-नऊ जण दाटीवाटीने व्हॉलीबॉल खेळतात, सहाचा नियम कोणी विचारत नाही, तेव्हा ते नकळत मॉर्गनच्या मूळ कल्पनेजवळ जातात. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि आपल्याकडील ‘पीटी’च्या तासाची वंशावळ बऱ्याच अंशी तिथे जाऊन मिळते. ख्रिस्ती संस्थांनी जगाला दिलेले हे दोन खेळ वगळल्या गेलेल्यांना आत घेण्यासाठी निघाले, आणि आमच्या मिशन शाळेत त्याच खेळांच्या नावाने मुले बाहेर बसवली जातात.

याच परंपरेला दुसरी, कमी गोड बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी श्रीनगरच्या मिशन शाळेत ब्रिटिश मिशनरी टिंडेल-बिस्को यांनी चामड्याचा फुटबॉल आणला, तेव्हा तो विटाळ मानून हात-पाय लावायला तयार नसलेल्या मुलांना शिक्षकांच्या काठ्यांचा धाक दाखवून खेळायला लावले गेले. चारित्र्य घडवण्याच्या नावाखाली चाललेली ती सक्ती होती, आणि सर्वांना मैदानावर आणा असे मी म्हणतो तेव्हा मला तसली हाकाटी अभिप्रेत नाही. उलट बाजूने, आपल्या मातीतही सर्वांसाठी व्यायाम हा विचार होताच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डीही होती. गावच्या आखाड्यात उतरायला चाचणी द्यावी लागत नसे. जातीची अडचण मात्र असे, आणि मिशन शाळेचे मैदान अनेकांना पहिल्यांदा मोकळे वाटले ते त्यामुळेच. म्हणून तर त्याच मैदानावर नव्या चाळणीने मुले गाळली जाताना अधिक खुपते.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो बावीस वर्षे मीच इतरांना ऐकवत होतो. गरीब पोराला खेळ हीच एक शिडी आहे; दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; चारशे मुलांच्या मागे लागाल तर एकही वर जाणार नाही, बाराच जणांवर मेहनत घ्या म्हणजे दोघे तरी लागतील. हा आक्षेप उथळ नाही. शेतमजुराच्या घरी पंधरा गुणांचे आणि एका प्रमाणपत्राचे मोल काय असते, हे शहरात बसून खेळभावनेवर लिहिणाऱ्यांना कळणार नाही. परंतु या शिडीची अवस्थाही पाहिली पाहिजे. प्रमाणपत्र हेच ध्येय झाले की शाळा खेळ शोधत नाहीत, कमी प्रवेशिका येणारा क्रीडाप्रकार शोधतात. आणि राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, ती याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला.

शिवाय आमच्या भागातील तरुणांना प्रत्यक्षात कोणती नोकरी खेळातून मिळते? पहाटे पाचला यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर यांपैकी कोणत्याही जिल्ह्यातल्या डांबरी रस्त्यावरून एसटीने जा. दिव्यांच्या उजेडात कडेने पळणारी मुले-मुली दिसतील. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. माझी एक जुनी विद्यार्थिनी मला अशीच रस्त्यावर भेटली. पायात प्लास्टिकच्या सँडल, हातात मोबाइलवर लावलेले घड्याळ, आणि पोटऱ्या इतक्या आखडलेल्या की उभ्या उभ्या बोलतानाही ती एकेक पाय झटकत होती. सातवीत तिला मी धावण्याच्या चाचणीतून पहिल्याच फेरीत बाद केले होते. एकोणिसाव्या वर्षी, गाड्यांच्या वाऱ्यात, कोणी शिकवायला नसताना ती तेच शिकत होती जे तिला बाराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर, फुकट आणि सुरक्षितपणे, शिकता आले असते. भरतीच्या मैदानावर राज्यस्तराचा पदकविजेता लागत नाही. दमसास असलेले, पाऊल कसे टाकावे हे ठाऊक असलेले साधे, धडधाकट शरीर लागते. ते सर्वांना देणे शाळेला शक्य होते आणि आम्ही ते बारा जणांना दिले. शिडीचा युक्तिवाद माझ्यापुरता त्या सकाळी संपला.

आणि ज्यांना आपण अकराव्या-बाराव्या वर्षी ‘गुणी’ म्हणून निवडतो, ते खरोखर गुणी असतात का? कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वरच्या स्तरावर वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी आहे. वयोगट जानेवारीपासून मोजला जाई, म्हणून त्या महिन्यांत जन्मलेली मुले लहानपणी थोडी थोराड दिसत, निवडली जात, आणि निवडली गेल्यामुळे पुढे खरोखरच चांगली होत. शालेय स्पर्धांचा वयोगटही जानेवारीवरच ठरतो. त्यात आमच्याकडच्या वयाच्या दाखल्यांची कथा वेगळी: जन्म घरी झाला, दाखल्यावर गुरुजींनी जूनची एक तारीख टाकली, आणि चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला चढाईपटू उभा राहिला. चाचणीच्या त्या एका तासात मी गुण निवडत होतो अशी माझी समजूत होती. बहुतेक वेळा मी उंची आणि वय निवडत होतो.

मिशन शाळांच्या बाजूने एक मोठे उदाहरण नेहमी दिले जाते, ते जयपालसिंह मुंडांचे. रांचीच्या सेंट पॉल शाळेतला हा मुंडा मुलगा मिशनऱ्यांच्या मदतीने ऑक्सफर्डला गेला, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार झाला आणि पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज बनला. एक मूल हेरले आणि वर काढले, हा निवडीचाच विजय नव्हे काय? असेल. पण त्या पट्ट्यातून, सिमडेगा आणि सुंदरगढमधून, दिलीप तिर्कींसारखे खेळाडू पिढ्यानपिढ्या येत राहिले, ते तिथे गावेच्या गावे हॉकी खेळतात म्हणून. बांबूच्या काठ्या, झाडाच्या मुळाचा चेंडू, आणि गावोगावच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून बोकड. एक जयपालसिंह शाळेने हेरता येतो, मागचा सगळा प्रवाह हेरून निर्माण करता येत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे येतो, कारण आमच्या व्यवस्थापक मंडळात या विषयावर शेवटचा शब्द तिथूनच काढला जाई. करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की शर्यतीत धावतात सगळेच, पण बक्षीस एकाला मिळते, तेव्हा ते मिळेल असे धावा. हे वचन वार्षिक क्रीडादिनी दरवर्षी वाचले जाई आणि त्याचा अर्थ जिंका असा लावला जाई. करिंथ हे शहर प्राचीन ग्रीसमधील इस्थमियन खेळांच्या जागेशेजारी होते. तिथल्या विजेत्याला सुकून जाणारा पानांचा मुगुट मिळे, आणि पौल पुढच्याच ओळीत त्या नाशवंत मुगुटाची आठवण करून देतो. त्याचा भर आहे तो धावणाऱ्याच्या संयमावर. पण मला तर त्या वचनातला ‘सगळेच’ हा शब्दच महत्त्वाचा वाटतो. पौलाचा दृष्टान्त उभा राहण्यासाठी आधी सगळे धावपट्टीवर असावे लागतात. त्याहून जवळचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा मालक सकाळपासून चार-पाच वेळा बाजारात जाऊन मजूर आणतो, अगदी दिवस मावळायच्या तासभर आधीही जातो, आणि तिथे रिकामे उभे असलेल्यांना विचारतो की दिवसभर असे का उभे आहात? ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. नागपूरच्या ठिय्यावर सकाळी दहानंतर उरलेल्या मजुरांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. खेळाच्या तासाला कडुनिंबाखाली दप्तरे राखत बसलेली मुलेही हेच उत्तर देतील.

धर्म मैदानावर दिसावा तो इथे. सामन्याआधी गोल करून, हातात हात घेऊन केलेल्या प्रार्थनेविषयी मला आदर आहे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि संघातील जागा जाईल या भीतीने डोळे मिटणाऱ्या मुलाची ती संमती म्हणता येत नाही. ज्याला प्रार्थना करायची नाही त्याने तेवढा वेळ बुटांच्या नाड्या बांधाव्यात, आणि प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहूही नये.

रविवारचा प्रश्न अधिक अवघड आहे. स्पर्धेचा शेवटचा दिवस रविवारी आला की ख्रिस्ती मुलांच्या घरून निरोप येई, आणि पाळकांकडून स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचे नाव हमखास ऐकू येई. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही, आणि नंतर चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकला. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना पाठ असते. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला, जपान्यांच्या वेइशिएन छावणीत कैदेत पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथेच वारला. त्या छावणीत तो मुलांचे खेळ घेत असे, रविवार मात्र सोडून. एका रविवारी पंच नसल्याने हॉकी खेळणाऱ्या मुलांमध्ये मारामाऱ्या झाल्या, तेव्हा पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहिला, असे त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवले आहे. स्वतःच्या पदकासाठी त्याने नियम मोडला नाही, आणि भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. मिशन शाळेच्या क्रीडाशिक्षकाला याहून चांगला धडा मिळणे कठीण आहे. आमच्या क्रीडादिनाच्या भाषणांत मात्र पॅरिसनंतरचा लिडेल कधी आलाच नाही.

राहिला प्रश्न हे सगळे चालवायचे कसे याचा, आणि इथे माझ्या टीकाकारांचे निम्मे म्हणणे मी मान्य करतो: चारशे मुले, एक शिक्षक आणि काळी माती. काळी माती पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हात भेगाळून घोटे मुरगळते. मुरूम पसरून एका कडेला साठ-सत्तर मीटरची पट्टी आणि कबड्डीचे दोन पट करून घेतले, तर झडीच्या दुसऱ्या दिवशीही खेळता येते. एकेका वर्गाला आठवड्यात दोन तास ठरवून द्यावेत, ते परीक्षेच्या नावाखाली कोणी घेऊ नयेत, आणि वरच्या वर्गातील संघाच्या मुलांनी खालच्या वर्गांना शिकवणे हा त्यांच्या सरावाचाच भाग मानावा. दहावीचा मुलगा पाचवीच्या पोरांना पकड शिकवू लागला की त्याची स्वतःची पकडही सुधारते, हे मी पाहिले आहे.

एका बाबतीत मात्र हयगय चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे; वर्गात एखादा ग्रस्त आणि काही वाहक (सदोष जनुक असूनही स्वतः आजारी नसलेले) असणे ही सामान्य गोष्ट आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून शाळांतून रक्ततपासणी वाढली आहे, हे चांगले झाले. परंतु तिचा एक विचित्र परिणाम असा की वाहक मुलाचे कार्ड पाहताच काही शिक्षक त्याला मैदानावरूनच उठवतात. ग्रस्त मुलाने किती आणि काय खेळावे हे डॉक्टरांनी ठरवावे, यात वाद नाही. वाहकाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, अतिश्रमाने स्नायू मोडण्याचा धोका मात्र वाढलेला आढळला. आणि त्या सैन्यात उन्हात पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवत नेलेला सराव हे नियम वाहक असो वा नसो, सर्वांनाच लागू होते. आमच्यासाठी यातून निघणारी रीत सोपी आहे. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनीच पाणी प्यायचे, दुपारच्या उन्हात कोणीच धावायचे नाही, आणि ‘दमलो’ म्हणणाऱ्याला शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावायचे नाही. फेऱ्यांची शिक्षा मी स्वतः अनेकांना दिली आहे. त्यांतले कोण वाहक होते, हे मी कधी विचारले नव्हते.

मुलींच्या बाबतीत यादीआधीच दुसरी चाळणी लागते. सातवीनंतर ‘आता मोठी झाली’ म्हणून ज्या मुली मैदान सोडतात, त्यांना परत आणायला शिक्षिका सोबत हवी, स्कर्टखाली ट्रॅकपँट चालेल असे लेखी सांगायला हवे आणि स्वच्छतागृहाच्या दाराला कडी हवी. यातील पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. तिसरीला लागतो, आणि तोच मंडळाच्या बैठकीत दर वर्षी पुढच्या वर्षावर जातो.

वेळापत्रकाचे गणितही शेताकडे पाहूनच मांडावे लागेल. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाचा वेचा. या काळात मोठ्या मुली शाळेतच कमी दिसतात, मैदानाची गोष्ट दूरच. शालेय स्पर्धांचा जोर मात्र ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत असतो, म्हणजे ज्या घरात सकाळी हात कमी पडत नाहीत त्याच घरातले मूल स्पर्धेपर्यंत टिकते. शाळेने आपला कार्यक्रम जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, आखला तर हा अन्याय काहीसा कमी होतो. निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षे मी तसे करून पाहिले. हजेरीसाठी मैदानाची वेगळी वही ठेवली, आणि मंडळाच्या सभेत ढालींच्या यादीऐवजी ती वही पुढे केली. सातवी-आठवीच्या मुलींची हजेरी फेब्रुवारीत परत चढलेली दिसत होती. नोव्हेंबरची पाने तिन्ही वर्षी जवळपास कोरी होती, आणि त्या पानांवर बोट ठेवून एका सदस्याने विचारले की एवढा मुरूम मग कोणासाठी टाकला.